फायलीची गाठ

आमच्या वसाहतीत चार इमारती आहेत आणि त्यांच्या मधोमध एक हिरवळ. त्या हिरवळीची नऊ वर्षं काळजी घेतलेल्या माळ्याबद्दल मला लिहायचं आहे. त्याच्याबद्दल लिहायचा हक्क सगळ्यांत कमी कुणाला असेल तर तो मला, हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे वाचणाऱ्याला मध्येच थांबून ते मला ऐकवावं लागणार नाही.

पोरं त्याला उद्याकाका म्हणायची. नाव पडलं ते असं. रोज सकाळी सहाच्या सुमारास, चपला पंपाच्या खोलीबाहेर काढून तो हिरवळीवर अनवाणी चालायचा. हात मागे बांधून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ रेषेत. टोकाला पोचला की वळून उभा राहायचा आणि आपल्याच पावलांच्या ठशांकडे बघायचा. दबलेलं गवत उठून उभं राहिलं, पावलं पुसली गेली, की म्हणायचा, "आज नको. उद्या बघू." पावलं तशीच उमटलेली राहिली तरच पाण्याची नळी जोडायचा. आता शाळेच्या गाडीची वाट बघणाऱ्या पोरांना यातलं काय कळणार? त्यांना एवढंच दिसायचं की हा माणूस रोज फेरफटका मारतो आणि काम उद्यावर ढकलतो. पोरांचं सोडा, मलाही तेवढंच दिसायचं. आणि मी एका मोठ्या कचेरीत चौतीस वर्षं नोकरी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, दुसऱ्यांच्या कामावर शेरे मारण्यात जन्म गेलेला माणूस.

तो आधी कुठल्याशा खेळाच्या मैदानावर होता. गवत राखणं तिथे शिकला होता, पण शिकलेलं सांगत सुटायची सवय नव्हती. शर्टाच्या खिशात सायकलच्या चाकाची एक तार असायची, तिला टोकापासून चार बोटांवर लाल दोरा बांधलेला. पाणी देऊन झालं की ती तार जमिनीत खुपसायची. दोऱ्यापर्यंत सहज गेली तर पाणी मुळांपर्यंत पोचलं, मध्येच अडली तर नाही. कुठे किती पाणी पडतं ते बघायला तो बिस्किटांचे रिकामे पत्र्याचे डबे हिरवळीवर मांडून ठेवायचा. पहिल्या मजल्यावरच्या आजी ते डबे पळवून त्यांत डाळी भरायच्या, मग तो मुकाट्याने दुसरे आणायचा. गवत कापायचं यंत्र उन्हाळ्यात जवळजवळ बंदच. "उन्हाळ्यात गवत वाढू द्यायचं, साहेब. त्याची सावली त्याच्याच मुळांना लागते," असं तो म्हणायचा. मी हो हो करायचो आणि मनात म्हणायचो, कामचुकारपणाला कारणं मात्र छान सापडतात याला.

साहेब तो मला म्हणायचा. मी त्याला अरे-तुरे करायचो. तो माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होता, पण अरे-तुरेचं कारण ते नव्हतं.

पंपाच्या खोलीला लागून एक खोली होती, ती त्याला राहायला दिली होती. एक खाट, एक खिडकी, आणि खिडकीशी बायकोचं शिवणयंत्र. पंप सुरू झाला की भिंत थरथरायची, आणि बाई त्या घरघरीतच शिवत बसायची. वसाहतीतल्या निम्म्या घरांचे पडदे तिच्या हातचे. नोकरी गेली तर खोली जाणार आणि खोली गेली तर बाईचं सगळं गिऱ्हाईक जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी वसाहतीचा चिटणीस. खोलीचा करार मीच लिहिला होता.

तर त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि जायचं नाव घेईना. नळाला आठवड्यातून दोनदा पाणी येऊ लागलं. कोपऱ्यातल्या विहिरीचं पाणी घरांसाठी राखून ठेवायचं ठरलं, माझ्या परवानगीशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही. उद्याकाकाने एक दिवस हिरवळीभोवती दोरी बांधली, आत पाऊल टाकायला सगळ्यांना बंदी केली, आणि दहा-बारा दिवसांतून एकदा पहाटे थोडंसं पाणी द्यायला लागला. बाकी काही नाही.

हिरवळ पिवळी पडली, मग भुरकट झाली, आणि शेवटी माझ्या दाढीच्या जुन्या ब्रशसारखी दिसायला लागली.

मी त्याला धारेवर धरलं. "हे काय चाललंय? मेलं की सगळं!"

"झोपलंय, साहेब. मेलं नाही." तो उकिडवा बसला, एक झुपका बोटांत धरून म्हणाला, "ओढा."

मी ओढलं. आलं नाही. जोर लावला, तरी आलं नाही. मग त्याने पाती बाजूला सारून जमिनीलगतचा पांढरा कोंब दाखवला. "हे असं पांढरं आहे तोवर काळजी नाही. उन्हाने कंटाळून झोपलंय. आता त्याला हलवायचं नाही, उठवायचं नाही. पाण्याची अशी ओढ असताना खत घातलं तर मात्र संपलं. जाळून टाकेल खत."

म्हणजे मला कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. हे दुसरं कबूल करायचं होतं.

त्याच महिन्यात वसाहतीला पंचवीस वर्षं पुरी होत होती. हिरवळीवर कार्यक्रम करायचा, ही कल्पना माझी. पत्रिकेचा मजकूरही माझा. आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, आणि कुठलीही अडचण सांगितली की "काढून टाका" हाच त्यांचा सल्ला असतो. बैठकीत त्यांनी पत्रिका हातात धरली, खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाले, "चिटणीस, 'हिरवळीवर' कशाला छापलंत? 'वाळवणावर' छापायचं." सगळे हसले. मीही हसलो. हसलो, पण ते शब्द माझ्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकून बसले. सदुसष्टाव्या वर्षी माणसाला एवढं लागावं का? लागलं खरं.

कार्यक्रमाला आठ दिवस होते. दुपारचे दोन-अडीच वाजलेले, सगळी वसाहत पडदे ओढून आडवी झालेली. उद्याकाका बायकोबरोबर तिच्या यंत्राचा पट्टा आणायला बाजारात गेला होता, मला सांगूनच गेला होता. बागेच्या सामानाच्या कोठाराची दुसरी किल्ली चिटणीस म्हणून माझ्याकडे असते. मी कोठार उघडलं. कोपऱ्यात युरियाचं पोतं होतं, तोंड सुतळीचे तीन वेढे देऊन करकचून आवळलेलं. ती गाठ मला हाताने सुटेना, म्हणून दातांनी सोडवली. कुणी बघितलं असतं तर वसाहतीचे चिटणीस पोत्याला चावताना दिसले असते. पण बघणारं कुणी नव्हतं, आणि ते बघूनच मी खाली आलो होतो.

घरून नेलेली बादली भरली आणि दोरी ओलांडून आत गेलो. मूठ भरायची, फेकायची, चार पावलं पुढे, पुन्हा मूठ. किती टाकायचं ते माहीत नव्हतं, म्हणून जास्त टाकलं. मग झारीने वरवर पाणी शिंपडलं, पांढरे दाणे दिसेनासे व्हावेत एवढंच. चार दिवसांत सगळं हिरवंगार होईल, डॉक्टरांचे दात त्यांच्याच घशात जातील आणि उद्याकाकालाही कळेल काम कसं करायचं असतं, असा माझा हिशेब. पोत्याचं तोंड बांधलं, कुलूप लावलं, घरी आलो, हात धुतले आणि झोपलो. झोप चांगली लागली. हे मुद्दाम सांगतो आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाराची घंटा वाजली. उद्याकाका पायपुसण्याच्या पलीकडे उभा होता.

"साहेब, हिरवळीवर कुणी काही टाकलंय का?"

"कोण काय टाकणार?"

"खतासारखं काही. टाकलं असेल तरी हरकत नाही, पण आज कळायला हवं. तुम्ही परवानगी द्या, विहिरीचं पाणी आजच्या आज सोडतो आणि सगळं धुऊन खाली उतरवतो. आजचा दिवस गेला तर मग काही करता यायचं नाही."

"आणि घरांना पाणी? विहिरीला हात लावायचा नाही. आणि मला काय विचारतोस? राखण तुझी आहे."

"बरं," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. ज्याला सगळी वसाहत उद्या, उद्या म्हणून चिडवायची, तो त्या सकाळी 'आज' म्हणत माझ्या दारात उभा होता. मी दार लावलं आणि पेपर वाचायला बसलो. त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. खालची हिरवळ आमच्या खिडकीतून दिसते, त्या खिडकीकडे मी पाठ केली होती. संध्याकाळी सांगू, असं मनाशी म्हणालो. संध्याकाळी म्हणालो, उद्या सांगू.

सहाव्या दिवशी डाग दिसायला लागले. भुरकट गवतात काळपट तपकिरी डाग, एकेक मोठ्या परातीएवढा, चार-चार पावलांवर. माझी प्रत्येक मूठ कुठे पडली ते वरून मोजता येत होतं. डॉक्टरांनी भाड्याने हिरवी सतरंजी आणवली आणि सबंध हिरवळ झाकून टाकली. कार्यक्रम उत्तम झाला. फोटोत सगळं हिरवंच दिसतं. म्हणजे मी काहीही केलं नसतं तरी कार्यक्रम तसाच पार पडला असता, आणि गवत खाली शांत झोपून राहिलं असतं.

पुढच्या रविवारी तळमजल्याच्या सभागृहात सभा भरली. टेबलटेनिसच्या टेबलापाशी अध्यक्ष बसले, शेजारी ठरावांची वही घेऊन मी. खुर्च्यांवर तीस-पस्तीस माणसं. उद्याकाका दाराशी उभा होता, पायांत चपला, हात मागे. डॉक्टरांनी जळलेला एक झुपका आणला होता. तो सगळ्यांना दाखवून म्हणाले, "बघा, ओढावाही लागला नाही, नुसता हाताला आला. असा दात असला तर आम्ही काय करतो?"

"काढता!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

"पाणी वेळेवर दिलं असतं तर ही वेळ आली नसती. हा आपला उद्या, उद्या करत बसला."

"हे पाण्यावाचून गेलेलं नाही, डॉक्टर," उद्याकाका म्हणाला.

"मग कशाने गेलं?"

त्याने टेबलाकडे पाहिलं. डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे. फार वेळ नाही पाहिलं.

मी उठलो. शपथेवर सांगतो, सांगायलाच उठलो होतो. गुडघा टेबलाला आपटला, पेन घरंगळत खाली गेलं, सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं लक्ष दाराकडे गेलं तर उद्याकाकाने मान खाली घातली होती. मला वाटलं, हा खचला, आता हा काही बोलत नाही. म्हणजे मीही बोलायला नको. कचेरीतल्या आवाजात माझ्या तोंडून निघालं, "ठराव मतास टाकायचा का?"

हात वर झाले. दोन-तीन सोडले तर सगळे. त्यांत माझाही होता. मग मी बसलो आणि वहीत लिहिलं: माळ्याच्या हलगर्जीपणामुळे हिरवळीचे नुकसान झाले असून त्यास कामावरून कमी करण्यात यावे व खोली पंधरा दिवसांत रिकामी करून घ्यावी. माझं अक्षर पूर्वीपासून वळणदार. त्या दिवशीही ते जराही हललं नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी कोठार ताब्यात घ्यायला मी खाली गेलो. त्याच्या बायकोने शिवणयंत्र चादरीत गुंडाळून दाराबाहेर ठेवलं होतं आणि ती आतली जमीन पुसत होती. जाताना खोली पुसून कोण देतं? मी तिच्याकडे न बघता पुढे झालो. उद्याकाकाने एकेक वस्तू काढून ओळीने मांडली. कात्री, झारी, नळीचं वेटोळं, गवत कापायचं यंत्र, पाती तेल लावून पुसलेली. मी यादीवर खुणा करत होतो. शेवटी त्याने युरियाचं पोतं ओढत आणून माझ्यासमोर ठेवलं.

"मी त्यानंतर उघडलं नाही," तो म्हणाला.

पोत्याच्या तोंडाला सुतळीची गाठ होती. दोन कान आणि मध्ये एक पीळ. एक टोक ओढलं की झटक्यात सुटणारी. फायलीची गाठ. कचेरीत ती आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवायचे, आणि चौतीस वर्षांत ती मी इतक्या वेळा बांधली की बोटं मला विचारत नाहीत. माळी पोत्याला अशी गाठ मारत नाही. कुठलाच शहाणा माणूस मारणार नाही. मी मारली होती, आणि मारताना माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"खोलीचे कागद तुम्ही दिले होते ना, पहिल्या दिवशी," तो म्हणाला, "त्यांना अशीच होती."

"तुला कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी. आधी पोतं बघितलं, मग तुमच्याकडे आलो."

म्हणजे दारात उभा राहून विचारत होता तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. मला सांगायची सोय करून देत होता, हरकत नाही असंही म्हणाला होता. आणि इतका निर्लज्ज मी, की चिडलो. "मग सभेत का बोलला नाहीस? पोतं आणून दाखवायचं होतंस!"

"तुम्ही उठलात ना."

"म्हणजे?"

"तुम्ही उठलात तेव्हा वाटलं, आता सांगताहेत. चारचौघांत असं सांगायचं म्हणजे माणसाला जड जातं. आपण कशाला तोंडाकडे बघत राहायचं, म्हणून मी खाली बघितलं."

एवढं बोलून त्याने कोठाराची किल्ली यादीवर ठेवली. हातगाडीवर यंत्र, खाट आणि दोन पेट्या चढवल्या, आणि दोघं फाटकातून बाहेर पडली. मी पोत्याशेजारी उभा होतो. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी वरून विचारलं, "काय हो, बरं वाटत नाही का?" मी हात हलवला. बरं वाटत नव्हतं हे खरंच होतं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाली, "त्या बाईकडे मी उशांचे चार अभ्रे शिवायला टाकले होते. काल संध्याकाळी घरी आणून दिले तिने. काजं केलेले, इस्त्री केलेले. आणि मी दारातूनच घेतले, आत ये म्हणाले नाही. कारण मला वाटलं, तिच्या नवऱ्याने काम बुडवलं." त्या अभ्र्यांवर ती अजून डोकं ठेवत नाही. कपाटात घडी करून ठेवलेत.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. कमिटीतले आणखी दोघं तिथे बोलावून घेतले. नाक मुठीत धरून सगळं सांगितलं, पोतं, बादली, झारी, दारातलं खोटं, सगळं. डॉक्टर खो खो हसले. "अहो, एवढंच ना? चुकून होतं हो. तुम्ही भल्यासाठीच केलंत." एकाने माझी पाठ थोपटली. चहा आला. मी म्हणालो, त्याला परत बोलवायला हवं. डॉक्टर म्हणाले, "आता नवा माणूस ठरलाय, जाऊ द्या. तसाही तो आळशीच होता." ज्या गोष्टीपायी त्याचं घर गेलं, त्याच गोष्टीबद्दल मला चहा मिळाला. आणि सांगायला लाज वाटते, तो चहा मी प्यायलो. जिना उतरताना हलकं वाटत होतं. झालं, सांगून टाकलं, असं वाटत होतं.

दोन महिन्यांनी कळलं की तो शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या इस्पितळात बागकामावर आहे. मी सकाळी लवकर निघून गेलो. इस्पितळाच्या मागच्या बाजूला मोठी हिरवळ होती, रोग्यांना चाकांच्या खुर्चीतून फिरवायची. तो अनवाणी चालत होता. टोकाला जाऊन वळला, पावलांकडे बघत उभा राहिला आणि मग त्याला मी दिसलो.

"सांगितलं मी," जवळ जाऊन मी म्हणालो. "अध्यक्षांना, कमिटीला, सगळ्यांना. मी टाकलं होतं म्हणून सांगितलं." मी काय ऐकायला गेलो होतो कुणास ठाऊक. बरं केलंत, असं काहीतरी असेल.

"मग काय म्हणाले?"

"हसले."

त्याने मान हलवली. खिशातली तार काढून जमिनीत खुपसली, दोरा बघितला, पुसून परत ठेवली. "तुम्ही चुकलात ते सांगितलंत. मी चुकलो नव्हतो, ते सांगितलंत का?"

दवाखान्यात मी पाऊण तास बोललो होतो, आणि त्या पाऊण तासात मी, माझं, मला, एवढंच होतं. वहीतला ठराव होता तसाच होता, माझ्या वळणदार अक्षरात.

"इथे मला तात्पुरता घेतलाय," तो म्हणाला. "आधीच्या ठिकाणचा दाखला मागतात. मला का काढलं ते लिहून हवंय त्यांना. या महिन्यात दिला तर कायम करतील. राहायला खोली पण आहे. सध्या आम्ही बायकोच्या बहिणीकडे आहोत, तिथे यंत्र ठेवायला जागा नाही."

"देतो," मी म्हणालो. "तुम्हाला दाखला देतो." नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून 'तुम्हाला' गेलं. त्याच्या लक्षात आलं असेल तर त्याने तसं दाखवलं नाही.

डॉक्टरांनी शिक्का द्यायला साफ नकार दिला. ठरावाच्या विरुद्ध दाखला कसा द्यायचा, वसाहतीची शोभा होईल, म्हणाले. नियमाने त्यांचं बरोबरच होतं, आणि ठराव लिहिणारा मीच. आमची बाचाबाची झाली, मी चिटणीसपदाचा राजीनामा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि घरी येऊन साध्या कागदावर, शिक्क्याशिवाय, स्वतःच्या सहीने लिहायला बसलो. चार कागद फाडले. प्रत्येक वेळी 'गैरसमजुतीने', 'अनवधानाने' असे कचेरीतले मऊ शब्द आपोआप येऊन बसायचे. पाचवा कागद बायकोने वाचला आणि म्हणाली, "आता बरोबर आहे. आणि टपालाने पाठवू नका."

म्हणून मी स्वतः घेऊन गेलो. इस्पितळाची कचेरी म्हणजे माझीच जुनी कचेरी म्हणा ना. तीच लाकडी टेबलं, त्याच फायलींच्या चळती, दोन कान काढून बांधलेल्या. पाच-सहा माणसं कामात होती, कोपऱ्यात एक बाई टाइप करत होत्या. उद्याकाकांना बोलावून घेतलं होतं, ते चपला घालून दाराशी उभे होते, हात मागे. तिथला हेडक्लार्क वयस्कर होता. काही माणसांना मनात वाचताच येत नाही, तसा तो. चष्मा लावून त्याने कागद समोर धरला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"आमच्या वसाहतीतील हिरवळ जळाली ती माळ्याच्या चुकीमुळे नाही. पाणी कमी असताना खत घालू नये, असे त्यांनी मला आधीच बजावले होते. त्यांच्या पश्चात, भर दुपारी, युरिया मी टाकला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारले तेव्हा मी खोटे बोललो. खरे बोललो असतो तर हिरवळ वाचली असती..."

टाइपरायटर थांबला. कोपऱ्यातल्या बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हेडक्लार्कने चष्म्यावरून विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंय?"

"हो."

"पुढे वाचू?"

"वाचा."

"त्यांना कामावरून काढण्याचा ठराव मी लिहिला. त्या बाजूने मी हात वर केला. ते निर्दोष आहेत हे मला त्या वेळी माहीत होते. त्यांच्याइतके गवत जाणणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि हे मला नऊ वर्षांत एकदाही त्यांना सांगता आले नाही..."

मी दाराकडे पाहिलं. मनातून कुठेतरी धरून चाललो होतो की सभेतल्यासारखे ते आजही खाली बघतील, मला जड जाऊ नये म्हणून.

त्यांनी मान खाली घातली नाही. पत्र वाचून होईपर्यंत ते माझ्याकडे सरळ बघत उभे राहिले, आणि खाली बघायची वेळ माझ्यावर आली.